सुगामोच्या बाजारात आई, आत्या आणि काका

टोकियोला घरच्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायचं म्हटलं की ओळखीतले सगळे एकच यादी पाठवतात. शिबुयाचा तो चौक, आसाकुसाचं देऊळ, जमलं तर फुजी. माझ्या लेकीनेही तशीच यादी केली होती, रंगीत, तासावार. यादीत खोट काही नाही. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाला शिबुयाच्या चौकात उभं करून "बघा, केवढी माणसं!" म्हणायचं, त्यात त्या माणसाने करायचं काय? "गर्दी बडोद्याच्या मांडवीला काय कमी असते?" असं आमच्या आई तिथे उभ्या उभ्याच म्हणाल्या. मला उत्तर सुचलं नाही.

म्हणून आज लिहिते आहे तो दिवस यादीबाहेरचा. सुगामोचा.

आधी पलटण सांगते. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८१, दोन्ही गुडघे गेलेले आणि ऑपरेशनला ठाम नकार. आत्या म्हणजे त्यांची नणंद, ७६, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त, कवळी नवी. काका म्हणजे माझे चुलत सासरे, ७८, सगळी नोकरी रेल्वेत, तीही प्रतापनगरला, नॅरोगेजवर. बडोद्यात दांडिया बाजारातल्या एकाच वाड्यात तिघांचा जन्म नाही तरी आयुष्य गेलं. आता वाड्याच्या जागी कॉम्प्लेक्स आहे आणि आम्ही मांजलपूरला फ्लॅटमध्ये. चौथी मी, बँकेच्या कॅश काउंटरवरून व्हीआरएस घेतलेली. नवरा सर्दीने घरी झोपून होता, लेकीला ऑफिस होतं, त्यामुळे त्या दिवशी तिघंही माझ्या हवाली.

तारीख २४ एप्रिल. बडोद्याहून फोन आला होता की पारा बेचाळीसवर आहे. इकडे छान कोवळं ऊन पडलेलं, आणि काका माकडटोपी घालून तयार. आईंच्या साडीवर स्वेटर, पायात मोजे आणि नातीने घेऊन दिलेले स्पोर्ट्स शूज. आत्यांनी पिशवीत थेपले, लसणीची चटणी आणि लीलो चिवडा भरला. जपानमध्ये शाकाहारी माणसाने पिशवी भरून निघावं हे आम्ही पहिल्याच दिवशी शिकलो होतो, कारण साध्या दिसणाऱ्या भाजीच्या सुपातही खाली माशाचा अर्क असतो.

सुगामोचं नाव लेकीच्या ऑफिसातल्या एका बाईंनी सुचवलं. हाराजुकू हा टोकियोतला पोरासोरांच्या फॅशनचा भाग, आणि सुगामोला तिथले लोक 'आजीबाईंचं हाराजुकू' म्हणतात. जिझो-दोरी नावाचा साधारण आठशे मीटरचा एक रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, मध्ये देऊळ. ज्या तारखेत ४ येतो त्या दिवशी, म्हणजे ४, १४ आणि २४ ला, तिथे जत्रा भरते आणि दुकानांपुढे आणखी दुकानं लागतात. बाईंनी म्हणे असंही सांगितलं की माझी आई महिन्यातून तीनदा जाते, तिला औषध नको असतं, सुगामो लागतं.

लेक नीशी-कासाईला राहते. तिथून जाणारी तोझाई लाइन सकाळी टोकियोतल्या सगळ्यात ठासून भरलेल्या गाड्यांपैकी एक. त्यामुळे दहा वाजायच्या आत घराबाहेर पडायचं नाही हा नियम. ताकादानोबाबाला उतरून यामानोते पकडायची. ही शहराला गोल फिरणारी गाडी, साडेचौतीस किलोमीटरचा फेरा, तीस स्टेशनं, साधारण तासाभरात आली तिथे परत. हे कळल्यावर काकांना उतरायचंच नव्हतं. "काय घाई आहे, एक चक्कर मारून येऊ." तेवढ्यात फलाटाच्या फटीतून त्यांनी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, बघून घेतलं होतं. "साडेतीन फुटी आहे. आपल्यापेक्षा बारीक." बरोबर होतं. जपानची जुनी रेल्वे १,०६७ मिलिमीटरची, शिंकान्सेन तेवढी १,४३५ ची. आपली मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनही त्याच मापाची, आणि तिचे खांब बडोद्यात रोज नजरेला पडतात. काकांचा त्या विषयावर अर्ध्या तासाचा कार्यक्रम असतो. तो मी इथे देत नाही.

म्हाताऱ्यांबरोबर टोकियोत फिरताना एकच गोष्ट आधी बघून ठेवायची: लिफ्ट फलाटाच्या कुठल्या टोकाला आहे. लिफ्ट जवळजवळ सगळीकडे आहेत, पण चुकीच्या डब्यात बसलात तर दोनशे पावलं उलटी चालायची. आणि टॉयलेटची चिंता सोडून द्यायची. जवळजवळ प्रत्येक स्टेशनात स्वच्छ टॉयलेट, धरायला दांडे, पुष्कळ ठिकाणी बसायला गरम सीट. आईंना त्या गरम सीटचं इतकं कौतुक, की गरज नसतानाही जाऊन येत.

सुगामोला रस्त्याच्या तोंडाशीच एका देवळाच्या अंगणात ब्राँझचा मोठा जिझो बसलेला आहे, डोक्यावर गोल टोपी, हातात दंड. जिझो म्हणजे आपला क्षितिगर्भ बोधिसत्त्व, वाटसरूंचा आणि लेकरांचा रखवालदार. एदो शहरातून, म्हणजे जुन्या टोकियोतून, बाहेर जाणाऱ्या वाटांवर असे सहा जिझो बसवले होते. हा १७१४ सालचा, क्योतोकडे जाणाऱ्या नाकासेंदो वाटेवरचा. आजचा बाजार त्या जुन्या वाटेवरच आहे.

पेटीत टाकायला मी आईंच्या हातात पाच येनचं नाणं दिलं. पिवळं, मध्ये भोक. आईंनी ते उलटसुलट केलं, भोकातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हा तर भोकाचा पैसा!" आम्हा बँकेतल्या लोकांना नाण्यांचं वेड असतंच, त्यामुळे मला माहीत होतं: १९४३ ते ४७ आपल्याकडे तांब्याचा भोकाचा पैसा निघाला होता, युद्धात धातू वाचवायला. आईंच्या वडिलांनी त्यातले चार-पाच करगोट्यात ओवून मुलांच्या कमरेला बांधले होते. आईंनी ते येनचं नाणं पेटीत टाकायला साफ नकार दिला. "हा मी नेणार. देवाला दुसरं दे." मग देवाला दहा येन मिळाले. त्या दिवसभरात आईंनी माझ्या पर्समधली पाच येनची सगळी नाणी काढून रुमालात बांधली.

तोगेनुकी जिझोचं देऊळ, कोगान-जी, रस्त्याच्या साधारण मध्यावर आहे. देऊळ १५९६ चं, पण इथे १८९१ ला आलं. आतली मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत. दर्शन म्हणाल तर दाराचं. पण कथा फार छान आहे. १७१५ मध्ये एका सरदाराच्या घरातली दासी शिवताना सुई ओठांत धरून बसली होती, आणि सुई गिळली गेली. वेदनेने तडफडत असताना एका भिक्षूने जिझोचं चित्र छापलेला कागदाचा बारीक कपटा तिला पाण्याबरोबर गिळायला लावला. थोड्या वेळाने उलटी झाली, त्यात कपटा बाहेर आला आणि कपट्यात सुई टोचलेली.

लेकीने ही गोष्ट आदल्या रात्रीच सांगून ठेवली होती आणि आईंनी ती मनावर घेतली होती. आईंनी वाड्यात तीस वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले. टाचण्या कायम ओठांत. त्यांना बोलायचं असलं की टाचण्यांसकट बोलायच्या, आणि आजेसासूबाई ओरडायच्या. देवळात ते कपटे अजून मिळतात, बोटाच्या पेराएवढे, पाकिटात घालून. दुखत असेल तिथे चिकटवायचे किंवा गिळायचे.

"कागद गिळायचा?" आत्या म्हणाल्या. "वहिनी, सेल्युलोज पचत नाही माणसाला."

"तू अंगारा लावतेस ना कपाळाला? ती काय राख पचायला लावतेस?"

"लावते. खात नाही."

हा वाद उदबत्तीच्या मोठ्या कुंडापाशी चालला होता, जिथे बाकीच्या आज्या धूर ओंजळीत घेऊन गुडघ्यांना, खांद्यांना लावत होत्या. आईंनी वाद अर्धवट सोडला आणि धूर घेऊन गुडघ्यांना लावला. पाकीट पर्समध्ये, शेगावच्या अंगाऱ्याच्या पुडीशेजारी गेलं.

पण त्या देवळात खरी रांग असते ती बाहेर, अंगणातल्या कानोनपुढे. कानोन म्हणजे अवलोकितेश्वर. दगडाची, माणसासारखी उभी मूर्ती. शंभर येनला छोटा पांढरा टॉवेल मिळतो. आपला नंबर आला की डावाने मूर्तीवर पाणी घालायचं आणि आपलं जे दुखतं ते मूर्तीचं पुसायचं. डोळे तर डोळे, पाठ तर पाठ. १६५७ च्या मोठ्या आगीत बायको गेलेल्या एका माणसाने मूळ मूर्ती देवळाला दिली होती. लोक काथ्याच्या घासणीने तिला इतकं घासत की चेहरा झिजून सपाट झाला. म्हणून १९९२ मध्ये नवी मूर्ती बसवली आणि घासणी बंद, टॉवेल सुरू.

"पंढरपूरला वज्रलेप करतात तो याचसाठी," आई म्हणाल्या. "देव झिजतो ना, गं."

रांगेत आमच्यापुढे एक आजी होत्या, जांभळी टोपी, पाठीवर छोटी सॅक, हातात चाकांची पिशवी-कम-खुर्ची. त्यांनी आईंची साडी बघितली, पदराला हलकेच बोट लावलं आणि काहीतरी म्हणाल्या. आई मराठीतच म्हणाल्या, "पाटणचं पटोळं नाही हो, साधी सुती आहे." मग त्या आजींनी स्वतःच्या गुडघ्याकडे बोट दाखवून चेहरा वेडावाकडा केला. आईंनी दोन्ही गुडघ्यांकडे बोट दाखवून त्याहून वाकडा केला. पुढचं संभाषण मला मध्ये न घेता झालं. आजींनी सॅकमधून मोठ्या आकड्यांचा कॅल्क्युलेटर काढला आणि ९१ दाबून आईंपुढे धरला. आईंनी कॅल्क्युलेटर हातात घेतला, सगळं पुसलं, आणि ८१ दाबला. आजी हसल्या, हाताने 'तू अजून पोर आहेस' असं काहीतरी केलं.

आणि आमच्या आई, ज्या गेली सहा-सात वर्षं कुणाच्या पाया पडायला वाकल्या नाहीत कारण त्यांच्या वयाच्या वर घरात कुणी उरलं नाही आणि गुडघेही वाकत नाहीत, त्या तिथे वाकायला लागल्या. मी एका बाजूने धरलं, त्या आजींनी दुसऱ्या बाजूने. नमस्कार अर्ध्यावर झाला. आजींना काही कळलं नाही असं मला वाटलं, पण त्याही कमरेत वाकल्या, आईंपेक्षा खाली. रांग थांबली होती. कुणी हूं की चूं केलं नाही. नंतर आईंचा नंबर आला तेव्हा त्यांनी आधी गुडघे पुसले, मग कंबर, मग खांदे, मग आठवून पुन्हा डावा गुडघा. निघताना आजींनी दोन गोळ्या दिल्या, आईंनी शेंगदाण्याची चिक्की दिली. आत्यांनी मला कोपराने ढोसलं: "नव्वदीच्या बाईला चिक्की? दात तरी विचार!"

शिबुयाला आम्ही या तिघांना 'घेऊन' गेलो होतो. सुगामोत ती गिऱ्हाईकं होती. दुकानांच्या पाट्या मोठ्या अक्षरात, पायऱ्या जवळजवळ नाहीत, दुकानापुढे बसायला स्टुलं, आणि विकायला काय तर टोप्या, काठ्या, लोकरी मोजे, लोणची, चहा, गुडघ्याचे पट्टे. सुक्या मासळीच्या दुकानाशी आईंनी पदर नाकाला लावला तेवढंच. मी तर कॅशियरच्या नजरेने बघत होते. पैसे हातात देत नाहीत, छोट्या तबकात ठेवायचे. परत येणारी मोड तबकात, नोटा तुमच्यासमोर एकेक मोजून. आणि म्हातारी बाई पाकिटातून एकेक येन शोधत उभी असली तरी मागचा माणूस घड्याळ बघत नाही. आमच्या काउंटरसमोर पेन्शनच्या तारखेला काय व्हायचं ते मला आठवतं.

इथेच आत्यांचा एक प्रकार झाला. त्यांना घडीची काठी आवडली, हातभर दांड्यावर बारीक चेरीची फुलं. दुकानदार बाईंनी किंमत दाखवली. आणि आत्या, ज्यांच्याशी गेली साठ वर्षं घरात मराठीशिवाय कुणी बोललं नाही, एकदम म्हणाल्या, "बेन, बराबर भाव करो ने! आटला बधा होय?" बडोद्यातल्या मराठी माणसाची ही सवयच आहे. घरात मराठी, मंगळबाजारात गुजराती. बाजार दिसला की जीभ आपोआप वळते, मग तो बाजार टोकियोत का असेना. दुकानदार बाईंनी हसून मान डोलावली, भाव एक येनने हलला नाही, पण काठीबरोबर कागदी रुमालांचं पुडकं दिलं. आत्यांनी काठी परत ठेवली. "विचार करते," हेही गुजरातीतच.

पुढे लाल कपड्यांचं दुकान लागतं. सुगामोची ही प्रसिद्ध चीज: लाल चड्ड्या, लाल बनियन, लाल मोजे, नुसता लाल भडक ढीग, सगळ्या मापांत, पुरुषांच्या, बायकांच्या. लाल रंग बेंबीखाली ऊब धरतो, अंगात बळ येतं, असा समज. शिवाय जपानात साठी झाली की लाल बंडी आणि लाल टोपी घालतात, कारण त्यांचंही साठ वर्षांचं चक्र तेव्हा पुरं होतं. आपली प्रभव-विभव वगैरे संवत्सरं साठ, आणि साठीशांत त्याचीच. त्यामुळे काकांना हे एका वाक्यात पटलं. नवरा पुढच्या वर्षी साठीचा होतोय. आत्यांनी ढिगातून एक लाल चड्डी उचलली, दोन हातांनी ताणून मापली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "याला मोठी लागेल का गं?" दुकानातल्या चार जपानी बायकाही बघत होत्या. मी फक्त मान हलवली. ती चड्डी आता बडोद्यात कपाटात आहे, घातलेली अजून बघितली नाही.

खाण्यात शिओ-दाइफुकू घेतलं, इथली खासियत. तांदळाच्या चिकट पिठाची पांढरी पारी, आत लाल अझुकी दाण्यांचं गोड सारण, आणि पारीत चवीपुरतं मीठ. आत्या म्हणाल्या पुरणाला उकडीच्या मोदकाचं कपडं घातलंय. मला मात्र धाकधूक. हे पीठ घशात अडकून दर नववर्षाला जपानात म्हातारी माणसं दगावतात. तिथलं अग्निशमन दल दरवर्षी बारीक तुकडे करून चावून खा म्हणून बजावतं. मी पर्समधल्या छोट्या कात्रीने एकेका दाइफुकूचे सहा तुकडे केले. आत्यांची नवी कवळी तरीही त्यात रुतली आणि पाच मिनिटं आम्हाला शांतता मिळाली.

बाजार संपतो तिथे कोशिन्झुका. सारुताहिको नावाच्या देवाचं छोटं देऊळ. दाराशी सिंहाऐवजी दगडी माकडं बसलेली. आईंनी लांबूनच हात जोडले: "मारुतीराया." मी दुरुस्त केलं नाही.

आणि देवळाजवळच ट्रामचा थांबा. इथून पुढचा दिवस काकांचा.

टोकियोत एके काळी रस्तोरस्ती ट्राम होत्या. सरकारी ट्रामचं ते सगळं जाळं १९७२ पर्यंत उखडलं, ही एक अराकावा लाइन उरली: मिनोवाबाशीपासून वासेदापर्यंत, १२.२ किलोमीटर, तीस थांबे, एकच डबा, एकच माणूस चालवणारा. हल्ली तिला साकुरा ट्राम म्हणतात. पुढच्या दाराने चढायचं, चढतानाच भाडं द्यायचं, मागच्याने उतरायचं, कुठेही जा, भाडं एकच. फाटकापाशी गाडी यायला वेळ होता. काकांनी काठी आडवी करून रुळाच्या वर धरली. त्यांच्या काठीवर फुटाच्या खुणा आहेत, त्यांनीच कधीतरी चाकूने केलेल्या. घंटी वाजायला लागली तसं मी ओढून मागे घेतलं, पण माप झालं होतं.

"साडेचार फूट! हा गेज कुठला? हा कुठेच नसतो!"

मी फोनवर बघितलं. १,३७२ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेचार फूट. १८८२ मध्ये टोकियोत घोड्यांची ट्राम सुरू झाली तेव्हाचं हे माप, तेच पुढे राहिलं. हे वाचून दाखवताच काका खुशीत आले. "घोडे? १८८२? आपल्याकडे १८६२ ला डभोई-मियागाम. खंडेराव महाराजांनी टाकली, अडीच फुटी. आणि गाडी ओढायला बैल!" देशातली ती पहिली नॅरोगेज. बैलांनी ओढलेली रेल्वे हा काकांचा आवडता किस्सा, घरात सगळ्यांचा ऐकून पाठ. पण ऐकायला टोकियोची घोडागाडी पहिल्यांदाच मिळाली होती. "वीस वर्षं आधी," ते ट्राममध्ये चढतानाही सांगत होते, चालकाला. चालकाने टोपीला हात लावला.

ट्राम घरांच्या परसांमधून जाते. हात काढला तर वाळत घातलेले टॉवेल येतील इतक्या जवळून. मग आसुकायामाच्या थांब्यानंतर ती एकदम मोटारींच्या रस्त्यावर उतरते, सिग्नलला थांबते आणि तीव्र उतारावर वळण घेत ओजीला येते. काका चालकाच्या मागे उभे राहिले, बसा म्हटलं तर ऐकेनात. एका शाळकरी मुलीने उठून आईंना जागा दिली; आत्यांना कुणी दिली नाही, आणि हा विषय रात्रीपर्यंत टिकला.

ओजीला आसुकायामा म्हणजे डोंगर. उंची २५.४ मीटर. आमच्या आई उडनखटोल्यात बसून पावागड करून आलेल्या, त्यांना मी 'डोंगर' म्हटल्यावर त्यांनी आधी शोधलाच, कुठे आहे म्हणून. पण त्या टेकाडावर जायलाही फुकटची चढणगाडी आहे: गोगलगाईच्या आकाराचा एक डबा, सोळा माणसं, दोन मिनिटं, सकाळी दहा ते दुपारी चार. दार उघडून देणारे गृहस्थ स्वतः सत्तरीचे असतील. वर चेरीची झाडं, अठराव्या शतकात शोगुन योशिमुनेने लोकांना फिरायला म्हणून लावायला सांगितलेली. बहर कधीच संपला होता, पण अझेलियाचे गुलाबी ताटवे भरात होते. बाकांवर बसून आम्ही थेपले सोडले.

इथे मला माझा विषय मिळाला. या टेकडीवर शिबुसावा एइचीचा बंगला होता. २०२४ च्या जुलैपासून दहा हजार येनच्या नोटेवर याचाच चेहरा आहे. नोट तिरकी केली की होलोग्राममधला चेहरा वळतो. १८७३ मध्ये जपानची पहिली आधुनिक बँक उभी करणारा माणूस. मुख्य घर १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं. बागेतल्या दोन जुन्या इमारती आणि संग्रहालय उरलं आहे. आम्ही आत गेलो नाही, गुडघ्यांचं मत विरोधात पडलं. पण नोट हातात धरून मी तिघांना सांगितलं की १८९३ मध्ये जमशेटजी टाटा जपानला आले, याच माणसाशी बोलले, आणि त्याच वर्षी मुंबईचा कापूस जपानला नेणारी जहाजं सुरू झाली, इंग्रज कंपनीची मक्तेदारी मोडायला.

"जमशेटजी नवसारीचे," काका लगेच. "नवसारी आपल्या गायकवाडांची."

"आणि महाराज स्वतः १९१० ला इथे येऊन गेले," आत्या. बडोद्याच्या माणसाशी जगातल्या कुठल्याही विषयावर बोला, तिसऱ्या वाक्याला सयाजीराव येतात. बँक ऑफ बडोदा १९०८ ची, हे मग मीही सांगितलं, राहिलं कशाला.

परतीला नाम्बोकू लाइनने ईदाबाशी, तिथून तोझाई. पाचनंतर गर्दी चढते, त्याआधी घरात. आईंनी आल्या आल्या पाय गरम पाण्यात सोडले. गुडघे कसे आहेत विचारलं तर म्हणाल्या, "डावा बरा वाटतोय, दोनदा पुसला ना."

दुसऱ्या दिवशीची स्कायट्रीची तिकिटं लेकीने आगाऊ काढली होती. आत्यांना ती काठी घ्यायला परत सुगामोला जायचं होतं, काकांना ट्रामचं मिनोवाबाशीचं टोक बघायचं होतं; तिकिटं काही बदलून मिळाली नाहीत. वर साडेतीनशे मीटरवर काका तासभर काचेला नाक लावून साडेचार फुटी रूळ शोधत होते, आणि आत्या तिथल्या भेटवस्तूंच्या दुकानात गुजरातीत काठी विचारत होत्या, "बेन, लाकडी छे? घडीवाळी?"